जाहिरात न निघालेल्या खुर्च्या

२०२५ च्या ऑगस्ट महिन्यात देशातील तीन मोठ्या संस्थांच्या सर्वोच्च खुर्चीवर नवी माणसे आली. १ ऑगस्टला हिंदुस्थान युनिलिव्हरची सूत्रे प्रिया नायर यांनी स्वीकारली. १९९५ पासून याच परिवारात वाढलेल्या नायर या कंपनीच्या पहिल्या महिला प्रमुख ठरल्या. त्याच दिवशी नेस्ले इंडियाच्या प्रमुखपदी मनीष तिवारी रुजू झाले. त्यांची कारकीर्द युनिलिव्हरमध्ये घडली होती आणि पुढे त्यांनी ॲमेझॉनचा भारतातील व्यवसाय सांभाळला होता. २५ ऑगस्टला इंडसइंड बँकेची धुरा राजीव आनंद यांच्याकडे आली. ते ॲक्सिस बँकेचे उपव्यवस्थापकीय संचालक राहिलेले. एक नेमणूक घरातली, दुसरी वेगळ्या धंद्याचा वळसा घेऊन आलेली, तिसरी स्पर्धक संस्थेतली. महिन्याभरात उच्चपदस्थांच्या नेमणुकीच्या तिन्ही वाटा एकदमच दिसल्या.

अशा पदांसाठी वर्तमानपत्रांत 'पाहिजेत'ची जाहिरात येत नाही. शिपायापासून अभियंत्यापर्यंतच्या भरतीसाठी अर्ज, परीक्षा, मुलाखत अशी ठरलेली रीत असते. पद जितके वरचे, तितका हा राजमार्ग अरुंद होत जातो आणि शिखराजवळ तो दिसेनासाच होतो. तिथे अर्ज करायचा नसतो, बोलावणे यायचे असते. हे बोलावणे धाडण्याचा धंदा करणाऱ्यांना उद्योगजगतात 'हेडहंटर' म्हणतात. शब्द शिकारीचा असला तरी त्यांची प्रतिष्ठित संस्थात्मक ओळख 'एक्झिक्युटिव्ह सर्च', म्हणजे उच्चाधिकारी शोध, अशी आहे. बँकेत ज्यांची आयुष्यभराची पुंजी आहे ते ठेवीदार, कंपनीचे छोटे भागधारक आणि तिथे काम करणारे हजारो कर्मचारी या साऱ्यांचे भवितव्य ज्या निवडीवर अवलंबून असते, ती निवड कोण, कशी आणि कुणाच्या हितासाठी करते, हे समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

सल्लागारांच्या पोटी जन्मलेला धंदा

हा व्यवसाय अमेरिकेत रुजला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या कंपन्या वेगाने विस्तारल्या आणि मालकाच्या मुलाने किंवा जुन्या कारभाऱ्याने गाडा हाकण्याचे दिवस मागे पडू लागले. व्यवस्थापन सल्लागार संस्था कंपन्यांना कारभाराची नवी रचना सुचवत. पाठोपाठ 'ही रचना चालवणारा माणूसही तुम्हीच आणून द्या' अशी मागणी होऊ लागली. बूझ ॲलन या सल्लागार संस्थेतून बाहेर पडून सिडनी बॉयडन यांनी १९४६ मध्ये स्वतःची शोधसंस्था काढली. १९५३ मध्ये शिकागोत हायड्रिक अँड स्ट्रगल्स, १९५६ मध्ये स्पेन्सर स्टुअर्ट, १९६४ मध्ये झुरिकमध्ये एगॉन झेंडर आणि १९६९ मध्ये रसेल रेनॉल्ड्स व कॉर्न फेरी अशा संस्था निघाल्या. आजही जगातील बड्या शोधसंस्था म्हणून हीच पाच नावे घेतली जातात.

भारतात एबीसी कन्सल्टंट्ससारखी संस्था १९६९ पासून या क्षेत्रात आहे. मात्र परवाना राजवटीत खासगी कंपन्यांची मोठी पदे बहुधा घराण्यातच राहत, आणि व्यवस्थापकांच्या मानधनावरही सरकारचा अंकुश होता. १९९१ च्या उदारीकरणानंतर चित्र पालटले. बहुराष्ट्रीय कंपन्या आल्या, नव्या खासगी बँका निघाल्या, दूरसंचार आणि विमा क्षेत्रे खुली झाली. या उद्योगांत अनुभवी माणसे देशात मुळातच थोडी होती. साहजिकच ज्याच्याकडे अशी माणसे होती त्याच्याकडून ती ओढून आणणे क्रमप्राप्त ठरले. १९९० च्या दशकात जागतिक शोधसंस्थांनी मुंबई-दिल्लीत कचेऱ्या थाटल्या त्या याच हवेत.

मध्यस्थाशिवायही शिकार होते, याचे उत्तम उदाहरण त्याच काळातले आणि मुंबईतलेच आहे. एचडीएफसी बँक उभी राहत असताना दीपक पारेख यांनी मलेशियात सिटी बँकेचे प्रमुख असलेल्या आदित्य पुरी यांना मायदेशी परतण्यास राजी केले. १९९४ मध्ये आलेले पुरी ऑक्टोबर २०२० पर्यंत त्या बँकेचे प्रमुख राहिले. आपल्याला कोण हवे हे पारेख यांना नेमके ठाऊक होते आणि त्याच्यापर्यंत ते स्वतः पोहोचू शकत होते. या दोहोंपैकी एकाची उणीव असते, तेव्हा हेडहंटरचे काम सुरू होते.

पैसा कोण देतो?

या व्यवसायाचे व्याकरण समजून घ्यायचे तर पहिला प्रश्न पैशाचा. नोकरी मिळवून देणारा दलाल उमेदवाराचे काम करतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात शोधसंस्थेचा ग्राहक कंपनी असते. उमेदवार तिच्या लेखी फार तर मौल्यवान माल. मोबदल्याच्या दोन रीती आहेत. सर्वोच्च पदांसाठी कंपनी एकाच संस्थेशी करार करते आणि फी टप्प्याटप्प्याने देते. ही फी निवडल्या जाणाऱ्या अधिकाऱ्याच्या पहिल्या वर्षाच्या रोख वेतनाच्या साधारण एक तृतीयांश असते. वेतन तीन कोटी रुपये ठरले तर फी सुमारे एक कोटी. पहिला हप्ता काम सुरू होतानाच द्यायचा असतो, त्यामुळे शोध फसला तरी संस्थेचे सारेच पैसे बुडत नाहीत.

दुसरी रीत मधल्या फळीच्या आणि तज्ज्ञ पदांसाठी. तिथे कंपनी एकाच वेळी अनेक सल्लागारांना काम देते आणि ज्याचा उमेदवार रुजू होईल त्यालाच पैसे मिळतात. आपल्याकडे ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, हा दर वर्षानुवर्षे रूढ आहे. दुर्मीळ कौशल्यांसाठी तो वाढतो. चोवीस लाखांच्या नोकरीवर दोन लाख रुपये. उमेदवार ठरलेल्या मुदतीआधी सोडून गेला तर बदली माणूस फुकट द्यावा लागतो किंवा पैसे परत करावे लागतात.

दोन्ही रीतींचे गुण आणि दोष या हिशेबातच दडलेले आहेत. दुसऱ्या रीतीत वेगाला बक्षीस आहे. कागदपत्रे आधी कुणी पाठवली यावर वाद होतात आणि एकाच अभियंत्याचा बायोडाटा तीन सल्लागारांकडून एकाच कंपनीत जाऊन पडतो. पहिल्या रीतीत घाई नाही. पण वेतन जितके जास्त तितकी फी जास्त. खरेदीदाराच्या वतीने घासाघीस करणाऱ्या मध्यस्थाचे उत्पन्न किंमत चढल्यावर वाढावे, ही विसंगती या धंद्याच्या जन्मापासून त्याला चिकटलेली आहे. ती टाळण्यासाठी काही संस्था रक्कम आधीच ठरवून घेतात, तरी टक्केवारीचा प्रघात सुटलेला नाही.

याच हिशेबातून सामान्य वाचकाने ध्यानात ठेवावा असा एक नियमही निघतो. खरा हेडहंटर उमेदवाराकडून एक पैसाही घेत नाही. 'नोंदणी शुल्क', 'पडताळणी अनामत' वा 'प्रशिक्षण खर्च' मागणारा फोन आला, तर पलीकडचा माणूस कितीही मोठ्या कंपनीचे नाव घेत असो, तो हेडहंटर नव्हे, भामटा आहे.

एका फोनची तयारी

उमेदवाराला फक्त एक फोन येतो, मात्र त्यामागे अनेक आठवड्यांचे काम असते. शोध सुरू होतो तो कंपनीच्या संचालकांशी होणाऱ्या चर्चेपासून. पदाचे नाव सर्वांना ठाऊक असते, पण पदाचे काम काय यावर संचालकांतच एकमत नसते. एकाला तोट्यातले कारखाने बंद करणारा हवा असतो, दुसऱ्याला नवी बाजारपेठ उघडणारा. हा गोंधळ निस्तरून पदाचे वर्णन लेखी उतरवणे, हे चांगल्या सल्लागाराचे पहिले आणि बहुधा सर्वांत मोलाचे काम. इथे चूक झाली तर पुढचा सारा शोध चुकीच्या माणसाचा, पण अत्यंत पद्धतशीर असा होतो.

त्यानंतर संशोधक लक्ष्य कंपन्यांची यादी करतात. औषधकंपनीला अमेरिकी औषध नियामकाच्या तपासण्या हाताळणारा गुणवत्ताप्रमुख हवा असेल, तर अशा तपासण्यांतून पार पडलेले कारखाने कोणते, तिथे त्या काळात ती जबाबदारी कुणाकडे होती, त्याच्या हाताखाली कोण होते, असा प्रत्येक कारखान्याचा पदांचा नकाशा तयार होतो. त्यातून शंभर-दीडशे नावांची लांब यादी निघते. मग माहीतगारांना विचारले जाते. पुरवठादार, माजी सहकारी, निवृत्त अधिकारी, व्यावसायिक संघटनांचे पदाधिकारी यांच्याकडून नावांची पारख होते.

पहिल्या फोनची भाषाही ठरलेली असते. 'तुम्ही येता का?' असे कुणी विचारत नाही. 'अशा एका पदासाठी योग्य माणूस आम्ही शोधत आहोत, तुमच्या पाहण्यात कुणी आहे का?' असा प्रश्न येतो. ज्याला रस असतो तो स्वतःबद्दल बोलू लागतो. ज्याला नसतो तो दोन नावे सुचवतो. दोन्ही उत्तरे कामाचीच, आणि नोकरी शोधत असल्याचा आळ कुणावर येत नाही. कंपनीचे नाव बऱ्याचदा शेवटपर्यंत गुलदस्त्यात राहते. कारण ज्या खुर्चीसाठी शोध चालू आहे, तिच्यावर बसलेल्या गृहस्थांना कदाचित त्याचा पत्ताच नसतो.

लांब यादीतून आठ-दहा जणांशी सल्लागार प्रत्यक्ष बोलतो आणि तीन-चार नावे संचालकांपुढे ठेवतो. पुढे मुलाखती, पूर्वीच्या वरिष्ठ-कनिष्ठांकडे चौकशी, पदव्यांची पडताळणी. ही शेवटची पायरी क्षुल्लक वाटते, पण ती गाळल्याची किंमत किती असते हे २०१२ मध्ये याहूने अनुभवले. जानेवारीत नेमलेल्या मुख्याधिकाऱ्याच्या परिचयात संगणकशास्त्राची जी पदवी नमूद होती ती त्यांच्याकडे नव्हतीच, हे एका भागधारकाने उघड केले आणि मे महिन्यात त्यांना पद सोडावे लागले.

सर्वांत नाजूक टप्पा निवडीनंतरचा. वरिष्ठ पदांवर तीन महिन्यांची नोटीस सर्रास असते. या काळात जुनी कंपनी पगार वाढवून देते, बढतीचे गाजर दाखवते, भावनेला हात घालते. नवे पद स्वीकारलेला माणूस शेवटच्या आठवड्यात फिरतो आणि सहा महिन्यांचे काम पाण्यात जाते. म्हणूनच अनुभवी सल्लागार पगाराच्या आकड्याइतकेच लक्ष उमेदवाराच्या घराकडे देतो. मुलांची शाळा, वृद्ध आईवडील, पती वा पत्नीची नोकरी यांची विचारपूस तो पहिल्या भेटीतच करतो. कारण पुणे सोडून गुरुग्रामला जाण्याचा निर्णय कचेरीत होत नाही, तो घरात होतो.

शिकारीवरील कुंपणे

शिकारीचे रान अमर्याद नाही. पहिले कुंपण व्यवसायानेच घातलेले आहे. ज्या कंपनीसाठी शोध केला तिच्यातून ठरावीक काळ, साधारणतः एक-दोन वर्षे, माणसे उचलायची नाहीत, असा शोधसंस्थांचा करार असतो. नीतीच्या दृष्टीने तो रास्तच आहे. पण त्याचा परिणाम गमतीशीर होतो. संस्था जितकी मोठी, तितके तिचे ग्राहक अधिक, आणि तितक्याच अधिक कंपन्यांत तिला प्रवेश बंद. बँकिंग क्षेत्रातील निम्म्या बड्या बँका ज्या संस्थेच्या ग्राहक असतील, ती एखाद्या बँकेसाठी प्रमुख शोधताना उरलेल्या निम्म्याच रानात हिंडत असते. संचालक मंडळाला सांगितले जाते की, साऱ्या बाजारातले हे चार उत्तम. त्यात कुणाला विचारताच आले नाही, हे मंडळाने स्वतः विचारल्याखेरीज क्वचितच सांगितले जाते.

दुसरे कुंपण कायद्याचे, आणि तिथे भारतीय कायदा नोकरी सोडणाऱ्याच्या बाजूने बराच उदार आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार कुणालाही कायदेशीर व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरतो. या कलमाचा अर्थ घडवणाऱ्या निकालांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉन कारखान्यात टायर कॉर्डचे विदेशी तंत्र शिकलेला एक पर्यवेक्षक पाच वर्षांचा करार अर्ध्यावर टाकून कोट्याच्या स्पर्धक कारखान्यात गेला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कराराच्या मुदतीपुरते त्याला तिथे काम करण्यापासून रोखणे योग्य ठरवले. नोकरीच्या काळातील निर्बंध चालतात, नोकरी संपल्यानंतरचे सहसा चालत नाहीत, ही विभागणी तिथून स्पष्ट होत गेली. २००६ मध्ये श्रीरामपूरच्या झहीर खानने जिंकलेला खटलाही याच सूत्राचा. करार संपल्यावरही नवा प्रस्ताव आधी आपल्यालाच दाखवावा, हा व्यवस्थापन कंपनीचा हट्ट न्यायालयाने फेटाळला.

मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात मात्र न्यायालयाने तराजूचे दुसरे पारडेही दाखवून दिले. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली. सार्वजनिक बँकेला नवी भरती करण्यासाठी जाहिरात, परीक्षा, निवड अशी खर्चिक प्रक्रिया पुन्हा राबवावी लागते, हा मुद्दा तिथे ग्राह्य धरला गेला. तात्पर्य, माणसाला रोखता येत नाही, पण त्याच्या जाण्याची वाजवी किंमत आधी ठरवून ठेवता येते. ती किंमत बहुधा नवी कंपनीच भरते.

तिसरे कुंपण कंपन्यांनी आपापसांत, गुपचूप घातलेले, आणि ते सर्वांत घातक. ॲपल, गुगल, इंटेल, ॲडोबी यांसारख्या कंपन्यांनी एकमेकांच्या माणसांना फोनच करायचा नाही, असा समझोता केल्याचा ठपका अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१० मध्ये ठेवला आणि असे समझोते बंद करायला लावले. पुढे कर्मचाऱ्यांच्या दाव्यात या चार कंपन्यांनी ४१.५ कोटी डॉलर देऊन २०१५ मध्ये तडजोड केली. हेडहंटरचा फोन न येण्याचीही किंमत असते, हे त्या आकड्याने दाखवले. ज्या अभियंत्याला नोकरी बदलायचीच नव्हती, त्याचाही पगार बाहेरून येणाऱ्या मागणीमुळे वाढत असतो. ती मागणी कुणी दाबून टाकली तर त्याचा खिसा नकळत कापला जातो. माणसे पळवण्याविरुद्ध कंठशोष करणाऱ्या उद्योगपतींनी हा पैलू विसरू नये.

घरचा की बाहेरचा?

एवढा खटाटोप करून आणलेला माणूस चालतो का? अमेरिकेच्या व्हॉर्टन संस्थेतील मॅथ्यू बिडवेल यांनी एका गुंतवणूक बँकेच्या नोंदी तपासून २०११ मध्ये काढलेला निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. बाहेरून आलेल्यांना आतून बढती मिळालेल्यांपेक्षा सुमारे १८ टक्के अधिक वेतन मिळत होते, पण पहिली दोन वर्षे त्यांची कामगिरी मात्र कमी प्रतीची होती. हार्वर्डचे बोरिस ग्रॉयसबर्ग यांनी वॉल स्ट्रीटवरील हजारांहून अधिक नामवंत विश्लेषकांचा अभ्यास केला. संस्था बदलल्यावर त्यातील अनेकांचे तेज ओसरले. जे आपला चमू बरोबर घेऊन गेले ते तुलनेने सावरले. ज्याला आपण एका माणसाची गुणवत्ता म्हणतो, तिच्यात सहकारी, यंत्रणा आणि सवयींचा किती वाटा असतो, हे या अभ्यासांतून दिसते. हेडहंटर माणूस आणू शकतो, त्याच्याभोवतीचे झाड मुळांसकट आणू शकत नाही.

अर्थात याचा अर्थ बाहेरचा नकोच, असा नाही. डबघाईला आलेल्या आयबीएमने १९९३ मध्ये दोन नामांकित हेडहंटरांना एकाच वेळी कामाला लावले आणि संगणक उद्योगाबाहेरच्या लू गर्स्टनर यांना आणले, कंपनी सावरली. इन्फोसिसने २०१४ मध्ये विशाल सिक्का यांच्या रूपाने प्रथमच संस्थापकांबाहेरचा मुख्याधिकारी नेमला. संस्थापकांशी खटके उडून ते २०१७ मध्ये गेले. त्यानंतर पुन्हा शोध झाला, पुन्हा बाहेरचाच माणूस निवडला गेला. पण जानेवारी २०१८ मध्ये आलेले सलील पारेख टिकले आणि २०२२ मध्ये त्यांची पुनर्नियुक्ती झाली. कंपनी तीच, वाट तीच. फरक होता तो माणूस आणि मंडळ यांच्यातील मेळाचा.

टाटा सन्सचे उदाहरण तर या साऱ्या व्यवहारावरचे भाष्यच म्हणावे लागेल. रतन टाटा यांचा वारस शोधण्यासाठी ऑगस्ट २०१० मध्ये समिती नेमली गेली. देशोदेशीच्या नावांची चर्चा झाली आणि नोव्हेंबर २०११ मध्ये निवड झाली ती त्याच समितीवर नेमलेल्या सायरस मिस्त्री यांची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसे झाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांना हटवण्यात आले आणि जानेवारी २०१७ मध्ये टाटा परिवारातच वाढलेल्या एन. चंद्रशेखरन यांची निवड जाहीर झाली. पंधरा महिन्यांचा शोध चुकीच्या निर्णयापासून वाचवतोच असे नाही. उलट एचडीएफसी बँकेत पुरी यांच्यानंतर १९९६ पासून बँकेतच असलेल्या शशिधर जगदीशन यांच्याकडे सूत्रे आली. जिथे दुसरी फळी आधीच घडवलेली असते, तिथे शोधाला पर्याय असतो. जिथे नसते, तिथे हेडहंटर ही गरज बनते आणि गरजवंताला अक्कल नसते.

हिंदुस्थान युनिलिव्हरने दशकानुदशके घरातून प्रमुख दिले, इतर कंपन्यांनाही पुरवले, याचे कारण माणसे घडवण्याची शिस्त. बाकीचे उद्योग घडवण्याचा खर्च वाचवतात आणि तोच पैसा पुढे तिपटीने शोधावर खर्च करतात.

यादीबाहेरची माणसे

या व्यवसायावरचा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. शोध लक्ष्य कंपन्यांच्या नावांपासून सुरू होतो, म्हणजे ज्या कंपन्यांची नावे संचालकांना आधीच ठाऊक आहेत तिथूनच. रकेश खुराना यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील मुख्याधिकाऱ्यांच्या बाजाराचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा हा बाजार मुळातच मिटलेला असून तिथे मोजक्या, आधीच नावाजलेल्या चेहऱ्यांभोवती निवड फिरते, असे त्यांनी दाखवले. कोल्हापूरच्या ओतकामाच्या कारखान्यात निर्यात दुप्पट करणारा व्यवस्थापक, नाशिकच्या मध्यम उद्योगात संप न होऊ देता पुनर्रचना घडवणारी मनुष्यबळप्रमुख, यांची नावे त्या नकाशावर येतच नाहीत. त्यांची गुणवत्ता कमी असते म्हणून हे घडत नाही. त्यांच्या कंपनीचे नाव मुंबईच्या बैठकीत कुणाच्या ओठी नसते, म्हणून घडते.

महाराष्ट्राला याच्या उलट टोकाची पद्धतही परिचित आहे. सहकारी साखर कारखान्यांच्या कार्यकारी संचालकपदासाठी पात्र उमेदवारांचे पॅनेल असते. त्या पद्धतीतही राजकारणाचा शिरकाव होतो, हे कुणी नाकारणार नाही. पण पात्रता काय आणि पात्र कोण, हे निदान कागदावर उघड असते. खासगी शोधात ना पात्रता जाहीर, ना यादी, ना नकाराचे कारण. गुप्ततेची गरज मान्य करूनही, जनतेच्या ठेवींवर आणि भागभांडवलावर चालणाऱ्या संस्थांत तिला मर्यादा हवी.

यादी रुंद करता येते, याला पुरावा आहे. ब्रिटनमध्ये २०११ साली कंपन्यांच्या संचालक मंडळांतील महिलांच्या अत्यल्प संख्येवर डेव्हिस समितीने बोट ठेवले, आणि शोधसंस्थांनी त्याच वर्षी स्वेच्छेने आचारसंहिता स्वीकारली. शंभर सर्वांत मोठ्या कंपन्यांच्या मंडळांतील महिलांचे प्रमाण २०११ मध्ये १२.५ टक्के होते. २०१५ मध्ये ते २६ टक्क्यांवर गेले. या बदलामागे सरकारचा दबाव आणि इतर कारणेही होती. तरीही पात्र महिला चार वर्षांत एकाएकी जन्माला आल्या नव्हत्या. त्या आधीपासून होत्या. विचारणा होत नव्हती. भारतातही २०१३ च्या कंपनी कायद्याने आणि पाठोपाठ सेबीच्या नियमांनी महिला संचालक सक्तीची केल्यावर 'योग्य महिला मिळत नाहीत' ही तक्रार हळूहळू विरली. ग्राहकाने आग्रह धरला की हेडहंटरला माणसे सापडतात.

जबाबदारी कुणाची?

म्हणूनच सारा दोष हेडहंटरच्या माथी मारणे सोपे असले तरी न्याय्य नाही. तो पैसे देणाऱ्याच्या सांगण्यानुसार यादी करतो. कंपनी कायद्याच्या कलम १७८ नुसार नामनिर्देशन आणि मोबदला समिती असणे ठरावीक कंपन्यांना बंधनकारक आहे; वरिष्ठ पदांसाठी पात्र व्यक्ती हेरणे हे त्या समितीचे कर्तव्य आहे. सेबीने २०२३ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. नोंदणीकृत कंपनीतील मुख्याधिकारी वा व्यवस्थापकीय संचालकाचे रिक्त पद तीन महिन्यांत भरण्याचे बंधन आले. नियामकाची मान्यता लागते तिथे नंतर सहा महिन्यांची सवलत देण्यात आली. हेतू चांगला आहे. पण ज्या माणसाला आणायचे त्याची स्वतःची नोटीसच तीन महिन्यांची असते. पद रिकामे झाल्यावर शोध सुरू करणाऱ्या कंपनीच्या हाती त्यामुळे घाईशिवाय काही उरत नाही. नियम पाळायचा तर वारसाची तयारी आधीपासूनच हवी, हा त्यातला खरा संदेश आहे.

तंत्रज्ञानाने या व्यवसायाचा जुना पाया हलवला आहे. एकेकाळी हेडहंटरची दौलत म्हणजे त्याच्या कपाटातल्या फायली. १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम आणि २००३ मध्ये लिंक्डइन आल्यावर ती माहिती कुणालाही मिळू लागली. आता तर संगणकीय प्रणाली काही मिनिटांत लांब यादी तयार करतात. साहजिकच निव्वळ नावे पुरवणाऱ्यांचा धंदा आटत आहे. त्याचबरोबर २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा जसजसा अमलात येईल, तसतसे परवानगीशिवाय कुणाची माहिती साठवण्यावर आणि फिरवण्यावर बंधने येतील. उरेल ते काम पारखीचे आणि मन वळवण्याचे. मात्र यंत्राला शिकवली जाते तीही पूर्वीच्याच निवडींची माहिती. त्यामुळे यादी झटपट होईल. रुंद होईलच असे नाही.

संचालक मंडळांनी शोधसंस्थेला तीन साधे प्रश्न विचारले तरी बराच फरक पडेल. कोणत्या कंपन्यांत तुम्हाला जाता येत नाही? लांब यादीत आमच्या ओळखीबाहेरची नावे किती? आणि आमच्याच घरातील कोणाची पारख तुम्ही केली? या प्रश्नांची उत्तरे बैठकीच्या इतिवृत्तात नोंदली गेली, तर पुढे निवड फसल्यावर कोण कुठे चुकले, हे भागधारकांना विचारता येईल. एरवी नेमणुकीच्या दिवशी 'जगभर शोध घेऊन' निवड केल्याचे निवेदन निघते, आणि दोन वर्षांनी 'वैयक्तिक कारणास्तव' राजीनामा दिल्याचे. या दोन निवेदनांच्या मधली किंमत मात्र ठेवीदार, भागधारक आणि कर्मचारी मोजत राहतात.